पोळ्याचा साज विकतो, आता गाडीतच राहून घोडेबाजार फिरायचे आहेत, कसं जमवावं?

साजवाला_दारव्हा
राम राम मंडळी. दारव्ह्याजवळ आपलं बैलाच्या साजाचं छोटं दुकान आहे. मोरख्या (तोंडावर बांधायचा साज), येसणी, कासरे, मठाट्या, घागरमाळा, झुली, बरंचसं घरीच बनते, चामड्याचं काम वडील करत होते, आता मी अन् बायको करतो. पण धंदा म्हणाल तर पोळ्याच्या आधीचे पंधरा दिवस, मग शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, लागले की थोडाफार, बाकी वर्षभर माशा मारा. घरोघरी ट्रॅक्टर आले, जोड्या राहिल्या कुठं. २०२१ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं शर्यतीले परवानगी दिली तेव्हा वाटलं होतं चालते आता, पण पटाचा बैलवाला साजापेक्षा खुराकावर पैसा घालते.

म्हणून घोड्याचं सामान करावं अन् सारंगखेडा, माळेगाव, अकलूज असे बाजार फिरावे असा विचार चालू आहे. लॉज परवडत नाही अन् रात्री माल कोणाच्या भरवशावर सोडायचा हा दुसरा प्रश्न. तर जुनी ट्रॅव्हलर (मिनीबस) घ्यायची, आत झोपायची सोय, गॅस, मागच्या दाराले काउंटर, मोटरहोम म्हणतात तशी. यूट्यूबवर पाहिलं, परदेशात घोड्यांच्या शोले लोक अशीच गाडी घेऊन जातात अन् तिथंच दुकान मांडतात. आपल्याकडे कोणी केलं काय असं? पैसा गाडीत घालू की मालात? बायको संगं राहणार आहे म्हणून तिच्या सोयीचंही सांगा.

जत्राफिरस्ता
भाऊ मी ब्लँकेट विकतो, घोड्याचं काही समजत नाही पण सारंगखेडा अन् माळेगाव या दोन्ही जत्रा माझ्या ठरलेल्या आहेत म्हणून लिहून रायलो. पहिले तारखा समजून घ्या. सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीची, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमा, अन् माळेगावच्या खंडोबाची सुरुवात मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीले. मधात दोन आठवडे भेटतात. घोडेवाले पण हेच करतात, सारंगखेड्याले नाही विकला तर घोडा माळेगावले आणतात. अन् तुमचं गाव या दोन्हीच्या मधात आहे हा मोठाच फायदा. जातानी कारंजा, मूर्तिजापूर, मग हायवे धरून अकोला, जळगाव, धुळे अन् तिथून दोंडाईचा. परत घरी या, दोन दिवस पाठ टेका, काय खपलं ते पाहून माल भरा, मग दिग्रस, पुसद, उमरखेड, नांदेड, लोहा करत माळेगाव. अकलूजचा बाजार दिवाळीच्या आसपास असते, लांब पडते, पहिल्या वर्षी त्याच्या नादी लागू नका.

जागेची पावती आधी जाऊन फाडून घ्या. गाडी घेऊन थेट गेलात तर पाळण्यांच्या मागं कुठंतरी कोपरा भेटीन, तिथं घोडेवाला कायले येते. घोडे बांधतात त्या लाइनीच्या तोंडाशी जागा पाहिजे, भाडं जास्त पडलं तरी चालीन.

पासिंग_वाला
गाडीबद्दल मी सांगतो, हेच काम आहे माझं. ट्रॅव्हलर आतून फोडून पलंग-किचन वेल्डिंग करून घेतलं की ती गाडी आरसी बुकातली गाडी राहत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, परवानगीशिवाय फेरफार चालत नाही, २०१९ ला सुप्रीम कोर्टानं पण कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या बाहेर जाणाऱ्या बदलावर कडक निकाल दिलाय. मोटर कॅराव्हॅन म्हणून रजिस्टर करायची तर त्याचं वेगळं स्टँडर्ड आहे, एआयएस १२४, त्या खर्चात तुमची पाच वर्षाची कमाई जाईल. आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाला सगळ्यात आधी हे फेरफारच काढतो. सरकारनं २०२१ ला कॅराव्हॅनचं धोरण आणलं होतं पण ते पर्यटनासाठी, दुकानासाठी नाही.

माझं ऐकाल तर बंद बॉडीचा पिकअप घ्या, व्यापारी पासिंगचा. लाकडी पेट्या करा, दिवसा माल, रात्री त्याच पेट्या जोडून वर गादी. पेट्या उचलून बाहेर काढता आल्या की तो माल झाला, बॉडीतला बदल नाही. तरी आपल्या आरटीओत एकदा तोंडी विचारून ठेवा. मात्र गाडी चालू असताना मागं कोणी बसायचं नाही हां, वहिनी पुढं केबिनमध्येच.

राज्यातल्या राज्यात विक्री ४० लाखाच्या आत असेल तर जीएसटी नंबर लागत नाही. राजस्थानातल्या पुष्करच्या बाजाराला जायची हौस आली तर मात्र राज्य बदलतं, तिथं तात्पुरतं रजिस्ट्रेशन असतं, निदान ५ दिवस आधी अर्ज, ९० दिवस चालतं. हातकामाच्या वस्तूंना वेगळी सूट आहे, ते सीएला दाखवून घ्या.

घोडीवाला_वाशीम
बाकी सगळे गाडीवर बोलून रायले, खरी गोष्ट मालाची आहे राजेहो. माझ्या दोन घोड्या आहेत, लग्नाच्या वरातीले जातात, सामान घेणारा मी आहे म्हणून गिऱ्हाइकाच्या बाजूनं सांगतो.

सौदा होईपर्यंत कोणी तुमच्याकडे फिरकणार नाही. सकाळपासून लोक अंगावरचे केसांचे भोवरे पाहतात, देवमन (गळ्यावरचा शुभ भोवरा) आहे काय, दात पाहतात, चाल पाहतात, रेवाल चालीनं चालवून घेतात. सौदा संध्याकाळी ठरते अन् विकणारा आपली मोरखी काढून घेते, निदान मी तर असंच पाहिलं. मग नवीन मालक हातात घोडा अन् गळ्यात काहीच नाही असा उभा राहते. तो तुमचा गिऱ्हाईक, अन् त्याले तेव्हाच पाहिजे, भाव करत बसत नाही. म्हणून मोरख्या, अगाडी-पिछाडीचे (पुढचे-मागचे पाय बांधायचे) दोर, तोबरा (तोंडाले बांधायची दाण्याची पिशवी), खरारा (अंग घासायचा ब्रश) हे भरपूर ठेवा. दिवे रात्री उशिरापर्यंत चालू पाहिजेत.

बैलाची मोरखी मोठी करून घोड्याले बसत नाही हे पहिले डोक्यातून काढा. मारवाडी जातीच्या घोड्याचं तोंड लांब अन् बारीक, काठियावाडीचं आखूड, तट्टूचं आणखी वेगळं. गावात कोणाकडे घोडी असन तर टेप घेऊन जा, नाकावरून, गालावरून, कानामागून माप घ्या. कडी-बकल पितळी लावा, स्वस्त पॉलिशची कडी घामानं गंजते अन् कातडी सोलते.

जीन, म्हणजे खोगीर, घरी बनवू नका. आतला सांगाडा जरा वाकडा बसला की घोड्याच्या पाठीले जखम होते, मग तो महिनाभर बसून, अन् तुमचं नाव सगळ्या बाजारात. कानपूरचा जीनसाज नावाजलेला आहे, तिथून चार-दोन आणा, नाही खपले तरी दुकान भरलेलं दिसते. वरातीवाल्यांसाठी झूल, कलगी, गोंडे, घुंगरमाळा, हे तुम्ही आमच्यापेक्षा छान कराल, पोळ्याचा हात आहे तुमचा. इथंच खरा पैसा आहे, कारण आम्ही दर सीझनले बदलतो.

आणखी दोन गोष्टी. काटेरी कडियाळं (लगामाची तोंडात बसणारी कडी) मागणारे येतील, ठेवू नका, जनावरांच्या छळाविरुद्धच्या १९६५ च्या नियमात काटे असलेलं कडियाळं अन् साज दोन्ही बंद आहे. अन् जुनं सामान बदल्यात घेऊ नका. ग्लँडर्स म्हणून रोग आहे, घोड्यावरून माणसाले होते, वापरलेल्या तोबऱ्यातून, लगामातून पसरते. तपासणीत सापडला तर घोडा मारून टाकावा लागते. लोक म्हणतात जुनं घ्या अन् शंभर कमी करा, सरळ नाही म्हणा.

उमरखेडची_ताई
वहिनीच्या सोयीचं कोणीच लिहिलं नाही 😄 मी नवऱ्यासोबत बांगड्यांचं दुकान घेऊन जत्रा फिरते. दादा, गाडीत संडास बसवायच्या भानगडीत पडू नका, वास सुटतो आणि तो रिकामा कुठं करणार? जत्रेतली सोय सकाळी लवकर बरी असते नंतर विचारू नका, म्हणून आम्ही शेजारच्या गावात एखादं घर पाहतो, रोजचे ठरवून पैसे देतो, आंघोळ, संडास, मोबाईल चार्जिंग सगळं तिथं होतं, त्या घरच्या बाईशी ओळख झाली की दरवर्षीची सोय.

गॅस छोटा ५ किलोचा ठेवा आणि स्वयंपाक गाडीच्या बाहेर. नदीकाठी डिसेंबरात फार थंडी असते, पण कोळशाची शेगडी आत घेऊन दार लावून कधीच झोपू नका, त्याच्या वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. दोन रजया जास्त न्या. आणि पैशाचा गल्ला वहिनीकडे द्या, तुम्ही घोडे पाहत बसाल.

साजवाला_दारव्हा
सगळ्यांचे आभार बापा. ट्रॅव्हलरचा विषय बंद, बायको ताईचं वाचून हसली अन् गल्ल्याचं लगेच मंजूर केलं. पिकअप साळ्याकडे आहे, भाड्यानं मागतो, पहिलं वर्ष तसंच काढू. घोडीवाला भाऊ, वाशीम लांब नाही, रविवारी टेप घेऊन आलो तर घोडीचं माप घेऊ द्याल काय? अन् कलगीले मोरपीस लावता येते की त्याची काही भानगड आहे?

घोडीवाला_वाशीम
या ना, सकाळी या, दुपारी वरात आहे. लहान घोडी अनोळखी माणसाले चावते, गूळ घेऊन या. मोरपिसाचं राहू द्या, लोकरीचा गोंडा लावा, पावसात भिजला तरी वाळते.