मदत हवी आहे: 'सपोर्ट द गर्ल्स' आणि अमेरिकेतलं टिपेचं गणित

मंडळी,

आमच्या ठाण्यातल्या फिल्म ग्रुपमध्ये येत्या रविवारी अँड्र्यू बुजाल्स्कीचा 'सपोर्ट द गर्ल्स' (२०१८) दाखवतोय. आधी दहा मिनिटं बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: टेक्सासमधला हायवेलगतचा स्पोर्ट्स बार, तोकड्या कपड्यांतल्या वेट्रेस आणि त्यांची मॅनेजर लिसा. बहुतेक सगळं एका दिवसात घडतं. सकाळी सकाळी छतात अडकलेला चोर सापडतो. बॉक्सिंगची मोठी लढत त्याच दिवशी आणि केबल नेमकी बंद. एकीच्या मुलाला सांभाळायला कुणी नाही, म्हणून तोही बारमध्ये हजर. दुसरीच्या कोर्टखर्चासाठी लिसा पोरींना घेऊन गाड्या धुऊन पैसे जमवते, तेही मालकाला पत्ता लागू न देता. रेजिना हॉलने लिसा अशी काही केलीय की हसता हसता आपणच दमतो. न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी तिला त्या वर्षीची सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरवलं, ते उगीच नाही.

आता अडचण. गिऱ्हाईक कितीही आगाऊ असलं तरी या मुली हसून का बोलतात, हे टिपेचं गणित कळल्याशिवाय समजत नाही. मी वाचलंय ते असं: टिप मिळणाऱ्यांना मालकाने तासाला किमान २.१३ डॉलर दिले की भागतं. हा केंद्राचा आकडा १९९१ पासून तोच आहे आणि टेक्सासातही तोच चालतो. टिप धरूनही तासाला ७.२५ डॉलर, म्हणजे तिथलं नेहमीचं किमान वेतन, भरले नाहीत तर फरक मालकाने द्यायचा. पण तो खरंच देतात का? टिप आपापली ठेवतात की शिफ्टनंतर वाटून घेतात? तिकडे हॉटेलात काम केलेलं कुणी, विशेषतः विद्यार्थी असताना, इथे असेल तर कृपया सविस्तर लिहा.

दुसरं म्हणजे, 'बारमधल्या बायका' म्हटलं की आपल्याकडे गाडी थेट २००५ च्या डान्सबार बंदीवर जाते. तो विषय महत्त्वाचा आहेच, पण मग लिसा बाजूलाच राहील. एका शिफ्टला किती कृष्णवर्णीय मुली असाव्यात याचाही मालकाचा नियम आहे आणि तो पाळायचा लिसाने, जी स्वतः कृष्णवर्णीय. मला चर्चा तिथे न्यायची आहे. सुरुवात कुठून करू?

कामाच्या जागेवरचे असेच, बायका केंद्रस्थानी असलेले विनोदी मराठी-हिंदी सिनेमे सुचले तर तेही सांगा. शुक्रवारपर्यंत उत्तरं आली तर बरं. आणि शेवट फोडू नका, ग्रुपमधले दोघे-तिघे इथेही वाचत असतात.