नैनीताल: बोटिंग झाल्यावर काय?
बोटिंग आणि मॉल रोड उरकला की नैनीतालला दुसरा दिवस रिकामा जातो, असं कोणीतरी लिहिलंय. अजिबात पटलं नाही! पहाटेच नैना पीक या शिखराकडे चालत निघा. उंची २,६१५ मीटर, चढ दमवतो, पण वाट बांज (हिमालयातला ओक) आणि देवदारांच्या गर्द रानातून जाते. बांजाच्या खोडांवर शेवाळ आणि नेचे लगडलेले असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हवा स्वच्छ असली तर वरून नंदादेवी दिसते, खाली अख्खा तलाव.

तलावाच्या वरच्या टोकाला, मल्लीतालच्या फ्लॅट्स मैदानावर जरा थांबा. १८८० च्या दरडीत १५१ माणसं गेली, त्याच ढिगाऱ्याने हे मैदान वाढलं. पक्षी आवडत असतील तर जवळच्या पंगोट गावी जा, आणि सातताल-भीमताल या तलावांसाठी वेगळा दिवस ठेवाच. मे महिना मात्र टाळा, निम्मी सुट्टी गाड्यांच्या रांगेत जाते.