४१ पैकी ३४ सामने जिंकलेल्या संघाचा हंगाम 'फुकट गेला' म्हणायचा का?

नदीकाठचा:

परवा एका घरगुती जेवणात बॉस्टन कॉलेजच्या (इथे सगळे 'बीसी' म्हणतात) पुरुष आइस हॉकी संघाचा विषय निघाला आणि एक जण सहज म्हणाला, "ते २०२३-२४चं वर्ष तर फुकटच गेलं." मला ते फार लागलं. घरी येऊनही डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. अमेरिकेत पहिल्या श्रेणीची कॉलेज हॉकी साठहून अधिक कॉलेजं खेळतात. हंगाम ऑक्टोबरला सुरू होतो, बहुतेक सामने शुक्रवार-शनिवारी. मार्चअखेरीस १६ संघ राष्ट्रीय स्पर्धेत जातात आणि तिथे प्रत्येक फेरीत एकच सामना. हरलात की घरी. सलग चार जिंकलात की विजेते.

आता बीसीचं बघा. २०२२-२३मध्ये १४ विजय, १६ पराभव, ६ बरोबरी. जेरी यॉर्क २०२२ साली निवृत्त झाले होते. १,१२३ विजय नावावर असलेला, कॉलेज हॉकीत सर्वांत जास्त सामने जिंकलेला प्रशिक्षक. त्यांच्या जागी आलेल्या ग्रेग ब्राउनचं ते पहिलंच वर्ष होतं आणि संघ पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला. पुढच्या हंगामात विल स्मिथ, रायन लेनर्ड आणि गेब पेरो ही तीन पोरं आली. मिशिगनमधल्या प्लिमथला, राष्ट्रीय विकास संघात, ती आधीपासून एकाच फळीत खेळत होती. गोलमध्ये जेकब फाउलर, तोही पहिल्या वर्षाचा. जोडीला दुसऱ्या वर्षातला कटर गोतिए.

आणि काय हॉकी खेळली ही मुलं! गोतिएचे ३८ गोल, देशात सर्वाधिक. स्मिथचे गोल आणि असिस्ट (गोलासाठी दिलेले पास) मिळून ७१ गुण, तेही देशात सर्वाधिक, आणि हा मुलगा कॉलेजच्या पहिल्याच वर्षात! लेनर्डचे ३१ गोल. हॉकी ईस्टच्या (बीसी खेळतं त्या विभागीय लीगच्या) अंतिम सामन्यात बॉस्टन युनिव्हर्सिटीविरुद्ध ६-२ असा विजय, त्यात एकट्या स्मिथचे चार. ३४ विजय, ६ पराभव, १ बरोबरी. त्या सहातला शेवटचा पराभव म्हणजे १३ एप्रिल २०२४ची, मिनेसोटातल्या सेंट पॉलमधली, राष्ट्रीय अंतिम सामन्याची रात्र. डेन्व्हर २, बीसी ०.

सहा महिन्यांच्या मेहनतीचा निकाल साठ मिनिटांत लावायचा, आणि तोही अशा खेळात जिथे पक (चेंडूऐवजी असलेली रबरी चकती) कुणाच्या स्केटला लागून आत जातो! माझं म्हणणं इतकंच, की हंगाम ४१ सामन्यांचा असतो. तो शेवटच्या सामन्यावरून मोजू नका. आणि जमलं तर ही एकेका सामन्याची बाद फेरी बदला.

मैलभर उंच:

मी डेन्व्हरला राहतो, तेव्हा पक्षपाती आहे हे आधीच सांगतो. पण 'पक स्केटला लागून आत जातो' हे त्या रात्रीबद्दल लिहिणं मला पटलं नाही.

डेन्व्हर त्या वर्षी भरपूर गोल करणारा संघ होता, देशात अव्वल. ३१ सामने जिंकून ते तिथे आले होते. तरीही राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी वेगळीच हॉकी खेळली. मॅसॅच्युसेट्सविरुद्ध २-१, दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये. कॉर्नेलविरुद्ध २-१. बॉस्टन युनिव्हर्सिटीविरुद्ध २-१, पुन्हा ओव्हरटाइम. आणि बीसीविरुद्ध २-०. चार सामन्यांत फक्त तीन गोल दिले. नशीब असं सलग चार वेळा कुणाच्या दारी येत नाही.

आणि एक गोष्ट तुम्ही लिहिलीच नाही. ऑक्टोबरमध्ये डेन्व्हर बीसीच्या घरच्या रिंकवर येऊन जिंकून गेलं होतं. म्हणजे त्या हंगामात दोघं दोनदा भेटले आणि दोन्ही वेळा निकाल एकच.

नदीकाठचा:

ऑक्टोबरचा सामना मी विसरलो नव्हतो. पण तेव्हा हंगाम सुरू होऊन महिनाही धड झाला नव्हता. एप्रिलमधला संघ सलग पंधरा सामने जिंकून आला होता. उपांत्य सामन्यात मिशिगनला ४-० हरवलेला संघ तो.

डेन्व्हरने विजेतेपद चोरलं असं मी म्हणत नाहीये. दहावं विजेतेपद, इतिहासात सर्वांत जास्त, त्यांना सलाम. माझा आक्षेप 'फुकट गेलं' या शब्दांना आहे.

गोलीची आई:

माझा मुलगा गोली आहे, चौदा वर्षांचा. सहा वर्षं पहाटे पाचला रिंकवर गाडी नेते आहे, त्यामुळे हा सामना मी तुमच्यापेक्षा वेगळा पाहिला.

डेन्व्हरच्या मॅट डेव्हिसने त्या रात्री ३५ फटके अडवले, त्यातले २३ एकट्या तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या, पिरियडमध्ये. वीस मिनिटांत २३! म्हणजे मिनिटाला एकाहून जास्त, आणि समोर कोण, तर तुम्ही वर लिहिलेली सगळी नावं. एनएचएलच्या (इथली व्यावसायिक हॉकी लीग) कुठल्याही संघाने त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे तरुण खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, घेतलं नव्हतं. २०२२ साली डेन्व्हर जिंकलं तेव्हा तो बाकावरचा दुसरा गोली होता. दोन वर्षं थांबला, आणि ज्या दिवशी गरज पडली त्या दिवशी जागचा हलला नाही.

लोक म्हणतात गोली 'तापला' होता. तापत वगैरे काही नाही हो. पक सुटायच्या आधी अर्धं पाऊल पुढे येऊन कोन बंद करणं, पहिला फटका छातीवर घेऊन तिथेच दाबणं, म्हणजे दुसरा फटका मारायला पकच उरत नाही. हे हजारो पहाटेंचं काम आहे. त्याला साठ मिनिटांचा योगायोग म्हटलं की माझ्या पोटात कालवतं.

'फुकट गेलं' हे मात्र मलाही मान्य नाही. तेवढ्यापुरती मी नदीकाठच्या बाजूने.

पेठकर:

मी पुण्यात असतो, आइस हॉकी फक्त मोबाइलवर पाहिली आहे. पण हा वाद मला अनोळखी नाही. १९ नोव्हेंबर २०२३, अहमदाबाद. सलग दहा सामने जिंकून आपण अंतिम सामन्यात उतरलो आणि ऑस्ट्रेलियाने सहा गडी राखून हरवलं. त्यानंतर आमच्या कट्ट्यावर महिनाभर हेच चाललं होतं, "दहा जिंकले की, एकच हरलो."

मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो. चषक कसा ठरणार हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक असतं. दहा विजय सुंदर होते, पण ते तिथवर पोचण्यासाठी होते. हरलो हे सरळ म्हणायला शिकलं पाहिजे. नाहीतर पुढच्या वेळी तीच चूक होते, कारण चूक झाली असं कुणी मानलेलंच नसतं.

अनघा_फ्रेमिंगहॅम:

पेठकरांच्या पुढे एक पाऊल जाते. मला वाटतं बीसीसाठी तो हंगाम 'फुकट' नसला तरी गमावलेला नक्कीच होता, आणि त्याचं कारण सेंट पॉलमध्ये नाही, संघबांधणीत आहे.

स्मिथ, लेनर्ड, पेरो हे तिघंही २०२३च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत गेलेले. चौथा, आठवा, तेविसावा. गोतिए त्याच्या आदल्या वर्षी पाचवा. अशी पोरं कॉलेजात किती दिवस टिकणार? हंगाम संपल्या संपल्या गोतिए एनएचएलच्या अनाहाइम संघाकडे गेला, स्मिथ सॅन होजेकडे. म्हणजे हा संघ एका वर्षासाठीच जमला होता. ज्याची मुदत एकच वर्ष आहे, त्या संघाला 'पुढच्या वर्षी बघू' म्हणण्याची सोय नसते.

डेन्व्हरकडेही गुणी पोरं होतीच. झीव बूयम पहिल्या वर्षातच होता. पण सोबत तीन-तीन, चार-चार वर्षं एकत्र घासलेली मुलंही होती. २-१चे सामने सलग जिंकायला ती लागतात. तिसऱ्या पिरियडला दोन गोलांची आघाडी सांभाळताना पकसमोर आडवं कोण पडतं ते बघा.

नदीकाठचा:

@अनघा, मग बीसीने काय करायला हवं होतं? दारात आलेल्या स्मिथला 'तू एकच वर्ष राहशील' म्हणून परत पाठवायचं? त्या वर्षी कॉन्ट फोरममध्ये, बीसीच्या घरच्या रिंकवर, मी मुलीला घेऊन सहा सामने पाहिले. त्या तिघांची पासिंग बघून ती उभी राहून ओरडायची. न बघताच पक द्यायचे एकमेकांना, कारण दुसरा कुठे असेल हे शरीराला माहीत असायचं. तसं काही मी कॉलेज हॉकीत आधी पाहिलं नव्हतं. हे सगळं एका रात्रीमुळे गमावलेलं कसं होईल?

अनघा_फ्रेमिंगहॅम:

तुमच्या मुलीचा आनंद गमावला असं मी म्हणत नाही, नदीकाठकर. संघाची संधी गमावली असं म्हणते. या दोन गोष्टी तुम्ही एकात मिसळता आहात.

वऱ्हाडी इन मिनेसोटा:

मी त्या रात्री एक्सेल सेंटरमध्ये होतो. १८,६९४ लोक. माझा दोन्हीपैकी एकही संघ नाही, मी मिनेसोटाचा. पण तिसरा पिरियड काय सांगू बाप्पा! बीसी सारखं चालून येत होतं आणि आमच्या रांगेतले लोक, ज्यांना दोघांशी काही देणं-घेणं नव्हतं, ते खुर्चीवर बसायलाच तयार नव्हते.

आता नियम बदलण्याबद्दल. आम्हाला विचारा. २०२३चा अंतिम सामना, टँपा. मिनेसोटा २-० पुढे. क्विनिपियॅकने एक गोल फेडला, मग शेवटची तीनेक मिनिटं उरलेली असताना गोली बाहेर काढून, त्याच्या जागी जादा आक्रमक उतरवून, दुसरा फेडला, आणि ओव्हरटाइम सुरू झाल्यावर दहाव्या सेकंदाला तिसरा. दहा सेकंद! पाण्याचा घोट गिळायच्या आत हंगाम संपला. इथे लोक अजून तो विषय निघाला की गप्प होतात.

तरी मला तीन सामन्यांची मालिका नको. त्या दहा सेकंदांमुळेच क्विनिपियॅकसारखं लहान कॉलेज पहिल्यांदा विजेतं झालं. मालिका ठेवा, म्हणजे मोठ्या नावांचेच संघ दरवर्षी वर येतील.

नदीकाठचा:

मालिका ही काही माझ्या डोक्यातली नवी कल्पना नाही. १९८०च्या दशकात सुरुवातीच्या फेऱ्यांत दोन सामन्यांतल्या गोलांची बेरीज धरत, आणि १९८९ ते १९९१ या काळात तीन सामन्यांची मालिकाही होती. नंतर ती गेली. आजही काही विभागीय स्पर्धांमध्ये उपांत्यपूर्व फेरी तीन सामन्यांची असते. अंतिम सामना एकच असावा हे मी मान्य करतो. पण पहिल्या दोन फेऱ्यांचं काय? निदान वरच्या मानांकनाच्या संघाला घरच्या रिंकवर तरी खेळू द्या. हंगामभर कमावलेल्या मानांकनाला काहीतरी किंमत हवी ना?

मैलभर उंच:

इथे मी तुमच्याशी सहमत आहे, पण उदाहरण तुमच्या सोयीचं नाही!

२०२४ला बीसी पहिलं मानांकित होतं. त्यांना प्रॉव्हिडन्सला पाठवलं, म्हणजे घरापासून तासाभरावर. डेन्व्हर तिसरं मानांकित. त्यांना अडीच हजारांहून जास्त किलोमीटर उडून मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला यावं लागलं, आणि पहिलाच सामना कुणाशी? त्याच राज्याच्या विद्यापीठाशी, ज्यांचं घर तिथून पाऊण तासावर आहे. मानांकन आमचं वर आणि गर्दी त्यांची. तो सामना दुसऱ्या ओव्हरटाइमपर्यंत गेला. व्यवस्थेची झळ कुणाला बसली असेल तर आधी आम्हाला.

घरच्या रिंकवर खेळवा, मी आनंदाने सही करतो. आडगावच्या अर्ध्या रिकाम्या हॉलमध्ये राष्ट्रीय स्पर्धेचा सामना बघताना मलाही वाईट वाटतं. खेळाडूंच्या वर्गमित्रांना तिथे पोचताच येत नाही.

गोलीची आई:

घरच्या रिंकला माझाही पाठिंबा. आमच्या घरातून कुणी प्रॉव्हिडन्सचं तिकीट काढत नाही, पण कॉलेजच्या रिंकवर चालत जातील.

तीन सामन्यांबद्दल मात्र एक सांगते. मालिकेत गोलीची सवय समोरच्याला कळते, खरं आहे. पण गोलीलाही नेमबाजांची कळते. दुसऱ्या रात्री डेव्हिस आणखी भारी पडला नसता कशावरून?

अनघा_फ्रेमिंगहॅम:

कशावरून काय, पुरावा आहे की! लेनर्ड आणि पेरो परत आले, २०२४-२५ खेळले. मार्च २०२५, मँचेस्टर, न्यू हॅम्पशायर. अंतिम चारमध्ये जाण्यासाठीचा सामना. समोर पुन्हा डेन्व्हर, पुन्हा डेव्हिस. डेन्व्हर ३, बीसी १. त्यानंतर ते दोघंही एनएचएलला गेले.

नदीकाठकर, तुम्हाला मालिका हवी होती ना? अकरा महिन्यांच्या अंतराने का होईना, झाली.

नदीकाठचा:

मँचेस्टरला मी गेलो होतो. परत येताना गाडीत कुणी बोललं नाही.

ठीक आहे. डेन्व्हर त्या संघापेक्षा सरस होतं, हे आज लिहून देतो. 'एका रात्रीचा अपघात' हा मुद्दा मागे घेतो. पण ३४-६-१ पुसायला मी तयार नाही. १४-१६-६ वरून एका वर्षात तिथवर जाणं हे ज्यांनी रिंकवर बसून पाहिलं, त्यांना ते काय होतं हे माहीत आहे.

पेठकर:

पुसा असं कुणीच म्हणत नाहीये. शेवटच्या सहाव्या पराभवासकट लिहा, एवढंच.

मैलभर उंच:

नदीकाठकर, एक सांगतो. मँचेस्टर जिंकून आम्ही २०२५च्या उपांत्य फेरीत गेलो, आणि वेस्टर्न मिशिगनने दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये ३-२ हरवलं. पुढे तेच विजेते झाले, पहिल्यांदाच. डेव्हिसचा तो शेवटचा कॉलेज सामना. त्या रात्री बारा वाजता मलाही वाटलं, उद्या आणखी एक सामना असता तर? अगदी तुमच्यासारखंच वाटलं. सकाळी मात्र तसं काही नको होतं.

पुढच्या हंगामात बॉस्टनला यायचा विचार आहे. कॉन्ट फोरम पाहिलेलं नाही अजून.

नदीकाठचा:

या. मुलगी आता बारा वर्षांची आहे, डेव्हिसबद्दल तुमच्याशी भांडायला तयार बसली आहे. शुक्रवारचा सामना ठरवा, आदल्या रात्री जेवायला घरीच.