जुना संगणक देऊन टाकण्यापूर्वी २००६ पासूनचे बॅकअप नव्या संगणकावर उघडतील असे कसे ठेवावेत? मदत हवी आहे

नमस्कार.

रत्नागिरी जिल्ह्यातील एका लहान सार्वजनिक वाचनालयाचे संगणकाचे काम मी गेली बरीच वर्षे हौसेने पाहत आहे. सभासदांची नोंदवही, पुस्तकांची यादी आणि दरवर्षी निघणारी स्मरणिका, एवढाच आमचा पसारा. विंडोज ७ असलेला संगणक आता अगदीच थकला, आणि विंडोज १० चीही मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलेली असल्यामुळे कार्यकारी मंडळाने थेट विंडोज ११ चा नवा संगणक घेतला. दुकानदार जुना संगणक बदल्यात घेणार आहे आणि त्यासाठी त्याने पंधरा दिवस दिले आहेत.

बॅकअप मी नेमाने घेतले होते, याचा मला थोडा अभिमानही होता. २००६ ते २०१२ या काळात आमच्याकडे विंडोज एक्सपी होते. त्या वेळचा सर्व मजकूर एक्सपीच्याच बॅकअप सुविधेने घेतलेल्या ३.६ जीबीच्या एका बीकेएफ फाइलमध्ये आहे. त्यानंतरचा बॅकअप विंडोज ७ च्या अंगभूत सुविधेने घेतलेला आहे. दोन्ही एकाच बाहेरच्या हार्ड डिस्कवर आहेत. ती डिस्क नव्या संगणकाला जोडली, सारे काही दिसले, मी ते नव्या संगणकावर उतरवूनही घेतले आणि काम संपले असे समजून चहा प्यायला गेलो.

खरी अडचण फाइली उघडायला गेल्यावर कळली. बीकेएफ फाइल कोणत्या प्रोग्रॅमने उघडायची असे विंडोज ११ मलाच विचारते. विंडोज ७ च्या बॅकअपमध्ये संगणकाच्या नावाचा फोल्डर, त्यात तारखांचे फोल्डर आणि त्यांत झिप फाइलींची रांग आहे. काही झिप उघडून पाहिल्या तेव्हा २०१७ चे लेख सापडले, पण २०१६ चे कुठेच दिसेनात. स्मरणिकेच्या मूळ फाइली पेजमेकर या पानांची मांडणी करण्याच्या जुन्या प्रोग्रॅमच्या ६.५ आणि ७ या आवृत्त्यांतील आहेत. सभासदांची एक्सेल नोंदवही उघडली खरी, परंतु ती श्रीलिपी या मराठी टंकनाच्या प्रोग्रॅमच्या फॉन्टमध्ये टंकलेली असल्यामुळे नावांच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसते. श्रीलिपीचे कुलूप (ज्याच्याशिवाय त्यात टंकन करता येत नाही ते छोटे उपकरण) जुन्या संगणकाच्या मागे, प्रिंटरच्या रुंद पोर्टला लावलेले आहे. नव्या संगणकाला तसे पोर्टच नाही.

हे बॅकअप आहेत तसेच जपावेत की आताच उलगडून साध्या फाइलींच्या रूपात ठेवावेत? आणि जुना संगणक देण्यापूर्वी त्यातून आणखी काही काढून घेणे आवश्यक आहे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. एक्सपी प्रोफेशनलची आणि पेजमेकरची मूळ सीडी माझ्याकडे आहे.

प्रतिसाद १

दुकानदाराला आणखी आठवडाभर थांबायला सांगा, आणि शक्य असेल तर जुन्या संगणकातील हार्ड डिस्क त्याला देऊच नका. डिस्कशिवाय संगणक दिला तर थोडे पैसे कमी मिळतील, इतकेच. ती डिस्क यूएसबी केबलने नव्या संगणकाला जोडता येते. जोडल्यावर ‘परवानगी नाही’ असा संदेश आला तर घाबरू नका. प्रत्येक विंडोज आपल्या वापरकर्त्याला एक अंतर्गत ओळख क्रमांक देते आणि नव्या संगणकावरचा क्रमांक वेगळा असतो, म्हणून तो संदेश येतो. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधील सिक्युरिटी विभागात जाऊन मालकी आपल्या नावावर करून घेतली की फाइली उघडतात.

विंडोज ७ च्या झिप फाइली हाताने उपसत बसू नका. पहिल्या बॅकअपनंतरच्या प्रत्येक खेपेला फक्त बदललेल्या आणि नव्या फाइली घेतल्या जातात, त्यामुळे एकाच फोल्डरमधील मजकूर अनेक तारखांत विखुरलेला असतो. तुमचे २०१६ चे लेख बहुधा दुसऱ्याच तारखेखाली आहेत. विंडोज ११ च्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)’ हा पर्याय अजूनही आहे. त्यात दुसरा बॅकअप निवडण्याची सोय आहे. तुमची बाहेरची डिस्क दाखवा, सर्व फोल्डर निवडा आणि मूळ जागेऐवजी एका नव्या फोल्डरमध्ये, मूळ उपफोल्डरांची रचना कायम ठेवून ते उतरवा. हे काम आताच करा. जुन्या बॅकअपसाठी मागे ठेवलेली ही वाट पुढच्या कोणत्या आवृत्तीत बंद होईल याचा भरवसा नाही.

बीकेएफसाठी व्हर्च्युअलबॉक्स हा संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक चालवणारा मोफत प्रोग्रॅम घ्या आणि त्यात तुमच्या सीडीवरून एक्सपी बसवा. या एक्सपीला इंटरनेट जोडू नका, कारण त्याचे सुरक्षा अद्यतन २०१४ मध्येच थांबले आहे. ॲक्सेसरीजमधील सिस्टम टूल्समध्ये बॅकअप हाच जुना प्रोग्रॅम मिळेल. त्यात बीकेएफ फाइल दाखवून ती ‘अल्टरनेट लोकेशन’वर उलगडा. फाइली बाहेर आल्यावर त्यांची संख्या मोजा आणि प्रत्येक वर्षाच्या दोन-चार फाइली प्रत्यक्ष उघडून बघा. बॅकअप पूर्ण झाल्याच्या संदेशावर मी स्वतः एकदा विसंबलो होतो आणि तीन महिन्यांची पत्रे घालवून बसलो.

प्रतिसाद २

मी अनेक वर्षे अक्षरजुळणीचे काम केले आहे, म्हणून वरच्या उत्तरात एक भर घालतो, आणि माझ्या मते तीच सर्वांत तातडीची आहे. विंडोज ७ ची ही सुविधा प्रोग्रॅम आणि विंडोजच्या स्वतःच्या फाइली बॅकअपमध्ये घेत नाही. तुमचे फॉन्ट विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये आहेत. याचा अर्थ, बॅकअप शंभर टक्के उलगडला तरी त्यात तुमची अक्षरे नसतील. ती फक्त त्या जुन्या संगणकात आहेत. तेव्हा आज संध्याकाळीच त्या फोल्डरमधील श्रीलिपीच्या सर्व टीटीएफ फाइली वेगळ्या काढून घ्या.

ते कुलूप टंकनासाठी लागते. आधीच टंकलेला मजकूर नुसता पाहायचा असेल तर संगणकावर तो फॉन्ट बसवलेला असणे सहसा पुरते. नव्या संगणकावर फॉन्ट बसवले की तुमच्या एक्सेल नोंदवहीतील नावे बहुधा लगेच वाचता येतील.

पेजमेकरचे प्रकरण वेगळे आहे. त्याची शेवटची मुख्य आवृत्ती, ७.०, २००१ मधली. त्याच्या फाइली इनडिझाइन या त्याच्या जागी आलेल्या प्रोग्रॅमच्या सीएस६ आवृत्तीपर्यंत उघडत होत्या, पुढच्या आवृत्त्यांत ती सोय राहिली नाही. तुम्ही व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक्सपी बसवणारच आहात, तर त्यातच पेजमेकर आणि फॉन्ट बसवा आणि प्रत्येक अंकाची फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ काढून ठेवा. मात्र पीडीएफमध्ये पान दिसायला जसेच्या तसे राहते, तरी आतला मजकूर जुन्याच सांकेतिक रूपात असतो. त्यात ‘ग्रंथालय’ असा शोध घेतलात तर एकही उल्लेख सापडणार नाही. शोधण्याजोगा मजकूर हवा असेल तर तो पेजमेकरमधून निर्यात करून युनिकोडमध्ये, म्हणजे आज सर्वत्र चालणाऱ्या अक्षरसंकेतात, बदलून घ्यावा लागेल. त्या बदलात रफार, जोडाक्षरे आणि पहिली वेलांटी हमखास जागा सोडतात, म्हणून मुद्रितशोधनाला पर्याय नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. फॉन्टचा मुद्दा माझ्या ध्यानीमनीही नव्हता. उद्या संगणक गेला असता तर हातात सगळे बॅकअप असूनही एक ओळ वाचता आली नसती. फॉन्ट काढून घेतले आहेत आणि ते नव्या संगणकावर बसवताच सभासदांची नावे दिसू लागली. एक शंका आहे: सर्व फाइली उलगडून झाल्यावर मूळ बीकेएफ आणि झिप फाइली पुसून टाकाव्यात का? डिस्कवर जागा फार उरलेली नाही.

प्रतिसाद १

पुसू नका. बीकेएफ तर चार जीबीसुद्धा नाही, ती एका स्वस्त पेनड्राइव्हवरही मावेल. उलगडलेल्या फाइलींच्या दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा, त्यांतली एक वाचनालयाच्या इमारतीबाहेर असू द्या. फॉन्ट, पेजमेकरची सीडी आणि व्हर्च्युअलबॉक्समधील ते एक्सपी हेही त्याच प्रतींत ठेवा. कोणत्या वर्षाचा अंक कोणत्या फॉन्टमध्ये आहे हे एका साध्या युनिकोड मजकूर-फाइलमध्ये लिहा, कारण पाच वर्षांनी हे काम दुसरेच कोणी पाहत असेल.

धागाकर्ता

दहा दिवसांनी कळवत आहे. २०१६ चे लेख मिळाले. ते खरोखरच नंतरच्या एका तारखेच्या बॅकअपमध्ये होते. बीकेएफ पहिल्या प्रयत्नात अर्ध्यावर थांबली, परंतु ती बाहेरच्या डिस्कवरून थेट न उलगडता आधी एक्सपीच्या आतल्या डिस्कवर उतरवून घेतल्यावर पूर्ण उलगडली. २००६ पासूनच्या सर्व अंकांच्या पीडीएफ झाल्या आहेत, अपवाद फक्त २००९ च्या मुखपृष्ठाचा. ते छापखान्यात जुळवले होते आणि तो फॉन्ट आमच्याकडे कधीच नव्हता, त्यामुळे शीर्षक अजूनही रोमन अक्षरांत दिसते. त्या एका पानासाठी कपाटातील छापील प्रत स्कॅन करून जोडली आहे. डिस्क काढून घेतलेला संगणक उद्या दुकानात जाईल.