अनुभव धागा : चारचौघांमुळे टिकलेल्या आरोग्याच्या सवयी

नमस्कार मंडळी,

एकट्याने सुरू केलेला व्यायाम महिन्याभरात सुटतो आणि तोच माणूस गटात आला की वर्षानुवर्षं येत राहतो, हे मी आमच्या भागात वारंवार पाहिलं आहे. म्हणून हा धागा. टेकडीवर चालणाऱ्यांचा गट, हास्यक्लब, आहाराचा गट, गावची व्यसनमुक्ती समिती, काहीही चालेल. किती किलो उतरले तेही जरूर सांगा, पण मला जास्त उत्सुकता आहे ती गट चालतो कसा याची. वेळ कोण ठरवतं, नोंद कोण ठेवतं, गळालेल्यांना परत कोण आणतं? मोडलेल्या गटांबद्दलही मोकळेपणाने लिहा. सुरुवात मी करते.

पुणे, सहकारनगर

आमचा गट तळजाईवर जातो. पूर्वी वेळ पहाटे साडेपाचची होती आणि गटात जवळपास सगळे पुरुष. कारण उघड होतं, ती वेळ डब्यांची आणि शाळेच्या बसची. दोघीतिघींनी मिळून संध्याकाळची तुकडी सुरू केली आणि एरवी ‘वेळच मिळत नाही गं’ म्हणणाऱ्या कितीतरी जणी पहिल्याच आठवड्यात बूट घालून हजर झाल्या. बायकांना व्यायामाचा कंटाळा असतो असं म्हणणाऱ्यांनी आधी कार्यक्रमाची वेळ कोणाच्या सोयीने ठरली आहे ते बघावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्यातल्या एक निवृत्त परिचारिका बीपीचं मशीन घेऊन येतात. चढून आलेल्याला लगेच पट्टा बांधत नाहीत. पाच मिनिटं स्वस्थ बसवतात. पाठ टेकलेली, पाय जमिनीला, हात छातीच्या उंचीवर ठेवलेला. कोणी बोलायला लागलं की ‘काका, बोलण्याने आकडा वाढतो’ म्हणून गप्प करतात. वहीत नाव, तारीख, वरचा आकडा, खालचा आकडा. एका शेजाऱ्यांचा वरचा आकडा दोन्ही वेळा दीडशेच्या पुढे आला. त्यांना त्रास काहीच होत नव्हता, त्यामुळे डॉक्टरांकडे जायला तयार नव्हते. बाई ती वही काखेत घेऊन स्वतः त्यांच्याबरोबर गेल्या. आज ते गोळी वेळेवर घेतात आणि टेकडीही चुकवत नाहीत.

ठाणे

मी हास्यक्लबचा जुना सभासद. डॉ. मदन कटारिया यांनी 13 मार्च 1995 रोजी मुंबईत पाच जणांना घेऊन पहिला क्लब भरवला, तेव्हा हे जगभर पसरेल असं कोणाला वाटलं असेल? आमच्या क्लबात हसण्याआधी श्वासाचे व्यायाम होतात, मान-खांदे मोकळे करतात, मग टाळ्या आणि हो-हो-हा-हा. पत्नी गेल्यानंतर मी घराबाहेर पडत नव्हतो. क्लबातले दोघे घरी आले, चहा घेतला, उपदेश केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली उभे राहिले. न कळवता कोणी गैरहजर राहिलं तर आठच्या आत फोन करायचा, हा आमचा नियम. एकट्या राहणाऱ्या माणसाला या फोनची किंमत काय असते, ते मी जाणतो.

सातारा

आमच्याकडे धावणं घराघरात पोहोचलं ते 2012 पासून, म्हणजे सातारा हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाल्यावर. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि वळून परत यायचं, एकूण 21 किलोमीटर. बाहेरगावचे लोक एका दिवसासाठी येतात, आम्हाला घाट रोजचा. आमच्या गटात नवीन माणसाला पहिले काही आठवडे सलग धावूच देत नाहीत. एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल, आणि धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. धाप लागून शब्द तुटायला लागले की वेग कमी. माझ्या आईने साठीनंतर असंच चालणं वाढवलं. आता ती घाटातल्या पहिल्या वळणांपर्यंत मैत्रिणींसोबत जाते.

नागपूर

डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या दोन वेळा जेवण्याच्या पद्धतीबद्दल कोणीतरी लिहिणारच होतं, मीच लिहितो. मूळ विचार आमच्या नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा. कडकडून भूक लागेल त्या दोन वेळा ठरवायच्या, प्रत्येक जेवण 55 मिनिटांच्या आत संपवायचं, मधल्या वेळात पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा. जोडीला 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं. सुरुवातीलाच उपाशीपोटीचं इन्सुलिन आणि एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची तपासणी) करून घ्यायला सांगतात.

मला सगळ्यात जड गेलं ते ऑफिस आणि पाहुणे. दुपारी चारला समोर प्लेट येते, नाही म्हटलं की समोरचा दुखावतो. गटातल्या एका ताईंनी तोडगा दिला: ‘नको’ म्हणायचं नाही, ‘डबा द्या, जेवताना खातो’ म्हणायचं. यजमानही खूश, पथ्यही पाळलं जातं. पाच किलो उतरले, पोटाचा घेर कमी झाला, आणि मुख्य म्हणजे दर दोन तासांनी काहीतरी तोंडात टाकायची सवय गेली.

सोलापूर (मी फॅमिली डॉक्टर आहे)

नागपूरच्या दादांचं अभिनंदन. वाचणाऱ्यांसाठी एक कळकळीची सूचना. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर गटातल्या कोणाच्या सांगण्यावरून जेवणं कमी करू नका. औषधाचा डोस तोच आणि जेवण कमी, असं झालं की साखर धोकादायकपणे खाली जाते. घाम, थरथर, छातीत धडधड, डोकं भंजाळणं ही तिची लक्षणं. डोस आधी बदलून घ्या. गरोदर स्त्रिया, वाढत्या वयाची मुलं आणि टाइप १ मधुमेह असलेल्यांनी स्वतःहून या वाटेला जाऊच नये. आणि एचबीए१सी साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवतं, पंधरा दिवसांनी पुन्हा तपासून हिरमुसू नका. गट हिंमत देतो, औषध ठरवणं हे त्याचं काम नाही.

गडचिरोली जिल्हा (आशा कार्यकर्ती)

तुमच्याकडे वजनाचा प्रश्न आहे, आमच्याकडे खर्ऱ्याचा. बाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून सांगते: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून पानठेल्यावर देतात. पाहुणा आला की पाण्याच्या मागोमाग खर्रा पुढे करायचा, लग्नात ताटलीत ठेवायचा, धान रोवणीला आलेल्या बायांना द्यायचा, अशी रीतच पडली होती. आपल्या जिल्ह्यात दारूबंदी 1993 पासून आहे, पण तंबाखूकडे कोणी वाईट नजरेने बघत नव्हतं. 2016 मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या पुढाकाराने, शासन आणि टाटा ट्रस्ट यांच्या साथीने ‘मुक्तिपथ’ हे दारू-तंबाखूविरोधी अभियान सुरू झालं, तेव्हापासून गावागावांत बैठका व्हायला लागल्या.

आमच्या गावच्या बैठकीत मी भाषण केलं नाही. सगळ्यांना सांगितलं, तीन बोटं एकावर एक उभी धरा आणि तोंडात घालून बघा. आधी हसू पिकलं. मग समोरच्या एका भाऊंची दोनच बोटं गेली, त्यांच्या बायकोने सगळ्यांसमोर विचारलं, ‘म्हणूनच तिखट चालत नाही का तुम्हाला?’ सभा एकदम शांत झाली. सुपारीने गालाच्या आतली कातडी कडक होत जाते, तोंड उघडणं कमी होतं आणि पुढे कर्करोगाचा धोका वाढतो, हे त्यानंतर लोकांनी कान देऊन ऐकलं.

गावाने मोजके पण सगळ्यांना पाळता येतील असे नियम केले. लग्नात खर्ऱ्याऐवजी बडीशेप. शाळेजवळ विक्री नाही. रोवणीच्या बायांना खर्रा द्यायचा नाही, त्याऐवजी गुळाचा चहा. ज्यांना सोडायचं आहे त्यांनी एकट्याने सोडायचं नाही, जोडीने सोडायचं. पहिले काही दिवस वाईट जातात: चिडचिड होते, झोप लागत नाही, डोकं दुखतं. ते दिवस सरेपर्यंत जोडीदार सकाळ-संध्याकाळ घरी जाऊन येतो. जास्त त्रास झाला तर तालुक्याच्या व्यसन उपचार क्लिनिकला मी घेऊन जाते. सगळ्यांची सुटली असं खोटं सांगणार नाही. काही जण परत सुरू करतात, परत सोडतात. त्यांना कोणी टोमणा मारायचा नाही, हाही बैठकीत ठरलेला नियम आहे. दूर राहणाऱ्यांसाठी तंबाखू सोडण्याचा राष्ट्रीय मोफत क्रमांक 1800-11-2356 आहे, लिहून ठेवा.

कोल्हापूर

मोडलेल्या गटाचा अनुभव मागितलात म्हणून लिहितो. आमच्याकडे एका खाजगी जिमने वजन घटवण्याची स्पर्धा ठेवली होती, पहिल्याला रोख बक्षीस. शेवटच्या आठवड्यात पोरं पाणीसुद्धा पीत नव्हती. वजन झालं, बक्षीस दिलं, फोटो काढले आणि सोमवारी मैदान मोकळं. ज्यांना खरी गरज होती ती जड अंगाची मंडळी तर यादीत तळाला नाव बघून आधीच गळाली होती. चांगली जमलेली पन्नास माणसं गेली याचं मला आजही वाईट वाटतं.

इंग्लंड

कोल्हापूरच्या दादा, तुमचं वाचून इथली एक गोष्ट सांगावीशी वाटली. इथे दर शनिवारी सकाळी नऊला पार्करन असतो: पाच किलोमीटर, फुकट, धावा नाहीतर चाला. 2 ऑक्टोबर 2004 रोजी लंडनच्या बुशी पार्कमध्ये तेरा धावपटूंनी सुरुवात केली होती. सगळं स्वयंसेवक सांभाळतात. त्यातला एक जण मुद्दाम सगळ्यांच्या मागे चालतो, म्हणजे येणाऱ्यांपैकी कोणीच शेवटचा ठरत नाही. माझ्या सासूबाई गुडघ्यांमुळे बिचकत होत्या. त्या साडीवर जाकीट आणि बूट घालून त्या स्वयंसेवक आजोबांसोबत रमतगमत चालल्या. भाषेची अडचण होती, तरी शेवटी दोघं एकमेकांना नातवंडांचे फोटो दाखवत होते. आता सुनेआधी त्या तयार असतात.

नाशिक

आमच्या भिशीत आम्ही तेलाचा हिशेब सुरू केला. डबा उघडला की त्यावर पेनाने तारीख घालायची, संपला की दिवस मोजायचे, घरातल्या माणसांनी भागायचं. बोलून पटत नव्हतं ते त्या आकड्याने पटलं. मीठ माणशी दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यात पापड, लोणचं, फरसाण सगळं आलं. भिशीच्या दिवशी आता उसळ, ज्वारीचं थालीपीठ, काकडीची कोशिंबीर. पुरणपोळी होळीला होतेच आणि तुपासह होते.

लातूर

मी रात्रपाळीची परिचारिका. वरचे सगळे गट सकाळ-संध्याकाळचे, माझी तेव्हा झोपेची वेळ असते किंवा बस पकडायची. आम्ही वॉर्डातल्या तिघी पाळी संपल्यावर बसस्टॉपपर्यंत रिक्षा न करता चालत जातो, एवढाच आमचा गट. रात्रपाळीत जेवणाच्या वेळा कशा बसवाव्यात, हे कोणी जमवलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. आम्ही तिघी वाट बघतोय.