गेट नंबर २ समोरचा नाला आणि पालिकेचं बजेट (सोसायटी ग्रुप, घोडबंदर रोड, ठाणे)

ए-७०२: मिक्सर गेला, व्हायब्रेटर गेला, आज शटरिंगच्या प्लेटाही टेम्पोत भरून नेल्या. सळया उघड्या उभ्या आहेत आणि शेजारीच मुलं क्रिकेट खेळतात. वर बॅनर मात्र तसाच, "पाठपुराव्याला यश". सेक्रेटरी साहेब, नाल्याची अर्धवट भिंत पावसाआधी होणार की नाही, एवढंच सांगा.

सी-१०३: काका, नारळ फुटला तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांना विचारा.

सेक्रेटरी: नमस्कार. उपअभियंत्यांशी बोललो. ठेकेदाराचं आधीच्या कामाचं बिल लेखा विभागात अडकलंय. ते निघेपर्यंत माणसं लावणार नाही म्हणतो.

बी-५०४: चार सदस्यांचा प्रभाग आहे ना? चौघांनाही गेटवर आणून उभं करा. एकाला विचारलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

ई-२०१: भाऊ, जरूर बोलवा, पण काय विचारायचं ते ठरवून. नगरसेवकाच्या हातात चेकबुक नसतं. बजेट आयुक्त तयार करून स्थायी समितीपुढे ठेवतात. समितीत १६ नगरसेवक. त्यांचे फेरफार होऊन ते महासभेत जातं, तिथे १३१ सदस्य, आणि ३१ मार्चच्या आत मंजुरी लागते. मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासक होते. म्हणजे बजेट मांडणार प्रशासन आणि मंजूर करणारही प्रशासनच. आता सभागृहात तोंड उघडायला माणसं आहेत, तर त्यांच्या हातात नेमका कागद द्या.

डी-६०१: [गुलाबाचा फोटो] शुभ सकाळ परिवार

ए-७०२: फुलं नंतर. भिंत पावसाआधी होणार की नाही?

सी-१०३: आम्ही प्रॉपर्टी टॅक्स वेळेवर भरतो. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून माफी, आपल्याला फक्त आश्वासन. आधी ते मागा.

ई-२०१: मागा, पण त्या पैशांच्या बदल्यात काय येणार ते त्याच ठरावात लिहायला लावा. जकात २०१३ ला गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) २०१५ ला बहुतेक व्यापाऱ्यांसाठी आणि जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर पूर्ण गेला. त्याची भरपाई सरकार दर महिन्याला देतं, वर्षाला ८ टक्के वाढ धरून. ती थांबली तर पगाराचे वांधे. पालिकेची स्वतःची कमाई म्हणजे मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि शहर विकास विभागाची शुल्कं. यातली शेवटची बांधकाम परवानग्यांवर चालतात, बाजार थंडावला की आटतात. आपल्या बिलातला राज्य शिक्षण कर तर पालिका फक्त गोळा करते, तो सरकारला जातो.

सी-१०३: म्हणजे तुम्ही माफीच्या विरोधात. थ्री बीएचकेवाल्यांना काय फरक पडतो.

ई-२०१: माझ्या घराचं क्षेत्रफळ हा विषय नाही, दादा.

सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक नको.

बी-५०४: ताई, पैसे नव्हते तर कामाला मंजुरी दिलीच कशी?

ई-२०१: खरी गोम तीच आहे. कायद्याने तुटीचं बजेट मांडता येत नाही, वर्षअखेर किमान एक लाख शिल्लक दाखवावी लागते. प्रत्येकाला आपल्या प्रभागात कामं हवीत, मग खर्च बसवायला उत्पन्नाचा अंदाज फुगवतात. तरतूद दिसते म्हणून निविदा निघते, कार्यादेश (काम सुरू करायचा लेखी आदेश) निघतो, ठेकेदार काम सुरू करतो. वसुली मात्र अंदाजाइतकी होत नाही, आणि बिलं पुढच्या वर्षावर ढकलली जातात. त्यालाच दायित्व म्हणतात. नव्या वर्षाच्या पैशांतून आधी ते भागवायचं, उरलं तर नवीन कामं. म्हणून बजेट हातात आलं की मी नव्या योजनांची पानं सोडून आधी दायित्वाचा आकडा आणि मूळ व सुधारित अंदाजातला फरक बघते.

बी-५०४: मग सिंकिंग फंडातून आपणच बांधू. २२ मीटर तर राहिलंय.

खजिनदार: नाही. तो फंड उपविधीप्रमाणे आपल्या इमारतींसाठी आहे, सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय हात लावता येत नाही. नाला पालिकेचा. विनापरवाना बांधला आणि भिंत कलली तर जबाबदारी आपली. आणि ज्यांचा मेंटेनन्स थकलाय त्यांनी फंड खर्च करायच्या सूचना देऊ नयेत, ही नम्र विनंती.

बी-५०४: नाव घेऊन बोला. लिफ्ट बंद होती त्याचा हिशोब द्या, मग थकबाकी काढा.

डी-६०१: पाहुण्यांच्या पार्किंगचंही आजच घ्या 😄

ए-७०२: भिंत पावसाआधी होणार की नाही???

ए-४०५: काका, वेळेचं गणित सांगतो. भिंतीचं शटरिंग दुसऱ्या दिवशी निघतं, पण काँक्रीटला निदान ७ दिवस पाणी मारावं लागतं, पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर १०. २२ मीटर तीन टप्प्यांत ओतले तर महिना धरा. एप्रिलमध्ये सुरू झालं नाही तर मेअखेर घाईत उरकतील. ओतण्याआधी सळयांचा गंज वायर ब्रशने काढायला आणि जुन्या काँक्रीटचा सांधा टोचून सिमेंटची स्लरी मारायला सांगा. नाहीतर त्याच सांध्यातून पाणी झिरपेल. तोवर सळयांच्या टोकांना टोप्या आणि बाजूने बॅरिकेड हवंच, त्यासाठी बजेटची वाट बघायची गरज नाही.

सेक्रेटरी: बॅरिकेडचं आजच कळवतो. ताई, पत्रात काय लिहू?

ई-२०१: कामाचं नाव, कार्यादेश क्रमांक, लेखाशीर्ष (बजेटात खर्च ज्या खात्यात दाखवलाय ते), मंजूर रक्कम. मग तीन प्रश्न. झालेल्या कामाची नोंद मोजमाप पुस्तिकेत झाली आहे का, किती बिलं अदा झाली, आणि उरलेली रक्कम नव्या बजेटात चालू काम म्हणून धरली आहे का. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. नुसती टोकन, म्हणजे नावापुरती तरतूद असेल तर काम कागदावर जिवंत आणि जागेवर बंद. तेच पत्र चौघा नगरसेवकांना द्या आणि महासभेत लेखी प्रश्न विचारायला सांगा. नगरसेवक निधीतून भिंत मागू नका. ती रक्कम पुरणार नाही, शिवाय नवं काम धरलं तर निविदा पुन्हा पहिल्यापासून.

सी-१०३: त्यातच माफीचंही टाका.

ई-२०१: वेगळं पत्र करा, मी सही करते. एकात दोन विषय घातले की ते दोन विभागांत फिरत राहतं.

सी-१०३: ठीक आहे. मसुदा मी लिहितो.

सेक्रेटरी: उद्या ११ वाजता प्रभाग समिती कार्यालयात जातोय. कोण येणार?

ए-७०२: मी. कामाचा फलक गेटच्या डावीकडे आडवा पडलाय, कार्यादेश क्रमांक त्यावर आहे. फोटो टाकतो.

ई-२०१: फोटोत रक्कम आणि मुदत दोन्ही दिसू द्या काका. आणि पोच घेताना शिक्क्याबरोबर आवक क्रमांक लिहून घ्या, नुसती सही चालत नाही.