त्या बटणानं सिग्नल खरंच बदलतो काय? (अनुभव धागा)

बांधावरून
आमचं गाव मूर्तिजापूरजवळ, हायवेला लागून. दिवाळीत आईला घेऊन पुण्याला भावाकडं गेलो होतो. रस्ता ओलांडायच्या खांबावर बटण दिसलं. आईनं ते दाबलं अन् विहिरीवरची मोटर सुरू झाली का ऐकावं तसा खांबाला कान लावला. आवाज नाही. "लाईन नसन," म्हणे. परत दोनदा दाबलं. सिग्नल लागला, पण आमच्यामुळं की आपोआप, देव जाणे. तुमचे अनुभव सांगा.

पऱ्हाटी
पोरं हौसेनं दाबतात, बाकी काही होत नाही!

जुना वायरमन
असं सरसकट नाही. मी सिग्नल बसवणाऱ्या ठेकेदाराकडं सहा वर्षं होतो. सिग्नल ठरल्या सेकंदांवर फिरत असला तर बटण शोभेचं. पण ते कंट्रोलरला जोडलेलं असलं तर तिथं नोंद होते, की कोणीतरी उभं आहे. एकदा दाबा का वीसदा, नोंद एकच. गाड्यांची हिरवी वेळ पुरी झाल्याशिवाय तुमची पाळी येत नाही, म्हणून वाटते की बटण मेलेलं आहे. एका चौकात तर डबा बसवला अन् वायर ओढायचीच राहिली. बिल मात्र निघालं.

चिखलीकर, सध्या लंडन
इथं चौकापासून दूरच्या सुट्या क्रॉसिंगवर न दाबता उभे राहिलात तर उभेच राहाल. मोठ्या चौकांत बऱ्याच ठिकाणी दिवसा हिरवा माणूस आपोआप येतो. डब्याच्या खालून हात फिरवा, बऱ्याच ठिकाणी बारकासा शंकू लागतो. हिरवा लागला की तो गरगर फिरतो. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी आहे. मला हे कळायला दोन वर्षं लागली.

पऱ्हाटी
न्यूयॉर्कचं काय मग? २००४ मध्ये तिथल्या पेपरात आलं होतं, ३,२५० पैकी २,५०० हून जास्त बटणं बंद. सिग्नल संगणकावर गेले, काढायचा खर्च नको म्हणून डबे तसेच.

फाट्यावरची
आमच्या फाट्यावर नुसता पिवळा ब्लिंकर. गुराखी काठी आडवी धरते, मंग ट्रक थांबते. म्हशी असल्या तं लवकर थांबते.

बांधावरून
आईला सगळं वाचून दाखवलं. वायरमनदादांना विचार म्हणे, "मंग पहिल्यांदा दाबलं तेच लागलं ना?"